अहवालातला ८४ आणि कुणी न विचारलेला प्रश्न

पत्र: मॅडम, आम्ही देवगड तालुक्यात राहतो. घरची थोडी हापूसची कलमं आहेत, मिस्टर मुंबईत नोकरीला असतात. मुलगा बाबू नऊ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला. बोलण्यात हुशार आहे. एकटा दुकानात जातो, सुटे पैसे बरोबर मोजून आणतो. फळ हातात घेऊन ते किती डझनाच्या पेटीतलं ते सांगतो. आजोबांबरोबर खाडीवर जातो, तिथीवरून भरती मोठी, उधाणाची आहे की कमी, भांगाची, ते त्याला कळतं. पण वाचायला बसवलं की रडकुंडीला येतो. फळ्यावरचं उतरवून होत नाही, काना-मात्रा गाळतो. गेल्या वर्षी एका शिबिरात बोटांचे ठसे घेऊन रिपोर्ट दिला. त्यात डावा मेंदू कमजोर, गणित-विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, वर्षभराचा कोर्स लावा, असं लिहिलंय. मग कोल्हापूरला नेऊन बुद्ध्यांक काढला, ८४ आला. पहाटेच्या गाडीने निघालो होतो, करूळ घाटात त्याला दोनदा उलटी झाली, बारा वाजता उपाशीपोटीच चाचणीला बसला. खाली वाचिक ७२, कृती ९६ असं आहे. चित्रं काढून घेतली आणि ‘अंतर्मुख, असुरक्षित’ असं लिहिलं. समजावून कुणी सांगितलं नाही. सासूबाई म्हणतात, पोर मंद निघालं. मिस्टर म्हणतात, मुंबईला आणून परत टेस्ट करू, पुढच्या वर्षी नवोदयला बसवायचं आहे. आणि बाबू मला विचारतो, “आये, मी नापास झालंय काय गो?” मी काय करू?

ताई,

आधी बाबूच्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते आजच त्याच्यापर्यंत पोचायला हवं. तो नापास झालेला नाही. या चाचण्यांत पास-नापास असं काही नसतंच. त्याला जवळ घेऊन त्याच्याच भाषेत सांगा, की तुला वाचताना कुठे अडतं ते शोधायला आपण गेलो होतो, ते अजून नीट सापडलेलं नाही, आणि शोधायचं काम मोठ्या माणसांचं आहे, तुझं नाही. नऊ वर्षांच्या मुलाला एवढं पुरतं. ८४ हा आकडा त्याला सांगू नका आणि त्याच्यादेखत घरात त्यावर बोलूही नका.

सासूबाईंच्या शब्दाचंही उत्तर लगेच देते. ८४ वरून कुठलाही जाणकार माणूस बाबूला मंद म्हणणार नाही. बौद्धिक अक्षमता आहे असं म्हणायला बुद्ध्यांक साधारण ७० च्या खाली असावा लागतो, आणि तेवढ्यानेही भागत नाही. मूल रोजच्या व्यवहारात वयाच्या मानाने मागे आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. त्यासाठी आपल्याकडे व्हाइनलँडची सामाजिक परिपक्वतेची मापनश्रेणी वापरतात. नागपूरच्या डॉ. मालिन यांनी तिचं भारतीय रूप तयार केलं. मूल काय काय स्वतः करतं, हे आईवडिलांना विचारून ती भरतात. तुम्ही अहवालातलं जे उतरवलंय त्यात तिचा उल्लेख नाही. जो मुलगा एकटा दुकानात जाऊन सुट्ट्यांचा हिशेब चोख देतो आणि अष्टमी म्हणजे भांग, पाणी फार चढायचं नाही, हे ओळखतो, तो रोजच्या व्यवहारात मागे नाही. तुमच्या पत्रातल्या या ओळी मला त्या ८४ पेक्षा जास्त सांगून गेल्या.

आता तो आकडा. बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीची सरासरी १०० धरलेली असते आणि १०० पैकी ६८ मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. म्हणजे बाबू त्या मोठ्या घोळक्याच्या अगदी काठाशी आहे. शिवाय प्रत्येक मापनात चूक धरलेली असते. चांगल्या अहवालात नुसता ८४ लिहीत नाहीत, ‘साधारण ७८ ते ९०’ असा पट्टा देतात. तो दिला असता तर तुमची निम्मी काळजी तिथेच कमी झाली असती.

पण खरी गोष्ट ८४ मध्ये नाहीच, ती खालच्या दोन आकड्यांत आहे. तुमच्या वर्णनावरून ही मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी असावी. वेक्सलर यांच्या अमेरिकन चाचणीवरून ती १९६९ साली नागपुरात तयार झाली, ६ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. तिचे दोन भाग असतात. वाचिक भागात सामान्य माहिती, शब्दार्थ, तोंडी गणित, आकडे ऐकून परत म्हणणं, दोन गोष्टींतलं साम्य सांगणं. कृतीच्या भागात ठोकळे जुळवून आकृती करणं, चित्रातलं काय हरवलंय ते ओळखणं, तुकडे जोडणं, भूलभुलैया. दोन्ही भागांची सरासरी काढली की एकूण बुद्ध्यांक मिळतो. ७२ आणि ९६ ची सरासरी ८४. ताई, तुमचा धंदाच आंब्याचा आहे. एकाच पेटीत मोठं आणि बारीक फळ भरून वर मधला आकार लिहिला, तर तो त्या पेटीतल्या एकाही फळाचा नसतो. बाबूच्या ८४ चं तसंच झालंय. ९६ म्हणजे चारचौघांसारखी, सरासरीतली क्षमता. ७२ म्हणजे शब्द, ऐकणं, सांगणं यांत कुठेतरी मोठी अडचण. २४ गुणांचा फरक दिसल्यावर तपासणाऱ्याने थांबून ‘हे असं का?’ असं विचारायला हवं होतं. ते विचारलं गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

का असू शकेल, त्याची काही कारणं तुमच्याच पत्रात आहेत. तुम्ही लिहिलंय की पहाटेच्या गाडीने निघालात, करूळ घाटात त्याला दोनदा उलटी झाली, आणि बारा वाजता उपाशीपोटी तो चाचणीला बसला. अशा अवस्थेत आकडे लक्षात ठेवणं आणि तोंडी गणित आधी ढासळतं. ही चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायला हवी होती, किंवा दोन बैठकांत. निदान अहवालात ‘मूल प्रवासाने थकलेलं होतं’ एवढी नोंद तरी हवी होती.

दुसरं कारण भाषा. बाबू घरी मालवणी बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी ऐकतो. ‘माका ठावक आसा’ असं मनात असलेल्या मुलाला अनोळखी खोलीत, अनोळखी बाईंनी प्रमाण मराठीत, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द घालून विचारलं, तर तो गप्प बसतो. आणि गप्प बसल्यावर शून्य गुण पडतात. त्याचं मालवणी उत्तर ग्राह्य धरलं का, हे तुम्ही जरूर विचारा. ही अडचण आजची नाही. १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी माणसांना दुभाष्यामार्फत अशा चाचण्या दिल्या आणि कितीतरी धडधाकट माणसांवर मंदबुद्धीचा शिक्का मारला गेला. पुढे चाचण्या त्या त्या भाषेत बांधल्या जाऊ लागल्या. आपल्याकडे डॉ. कामत यांनी १९३० च्या दशकात फ्रान्सच्या बिने यांची बुद्धीची चाचणी खास कानडी आणि मराठी मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी म्हणून ती आजही वापरात आहे.

मात्र सगळा दोष प्रवासावर आणि भाषेवर टाकून मोकळं व्हावं, असं मी म्हणणार नाही. मालिन यांच्या चाचणीची प्रमाणकं, म्हणजे ज्या मुलांच्या गुणांशी तुलना करतात ते आकडे, जुनी आहेत आणि जुन्या प्रमाणकांवर आजच्या मुलांचे गुण थोडे फुगूनच दिसतात. आणि वाचायला बसल्यावर येणारं रडू घाटातल्या उलटीमुळे येत नाही. ते रोजचं आहे. फळ्यावरचं उतरवायला वेळ लागणं, काना-मात्रा गळणं आणि तोंडी मात्र चांगलं सांगणं, हे सगळं एकत्र आलं की माझ्यासारखीच्या मनात अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात अडण्याची, शंका येते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करतही नाही, पण हा प्रश्न आधीच विचारला जायला हवा होता.

बाबूच्या बाबतीत तिथेच सगळं चुकलं असं मला वाटतं. शिबिरात गेला तेव्हा प्रश्न होता ‘याच्यात काय गुण आहेत?’, कोल्हापूरला गेला तेव्हा ‘याचा आयक्यू किती?’, आणि मुंबईला न्यायचा विचार आहे तो ‘आकडा वाढेल का?’ म्हणून. ‘हा वाचताना का अडतो?’ हे कुणीच विचारलं नाही. बुद्धी मोजायची पहिली चाचणी जन्मालाच अशा प्रश्नातून आली. फ्रान्सच्या सरकारला शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत द्यायची होती, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ साली ती तयार केली. बुद्धी ही जन्मभराची ठरलेली रक्कम आहे, या समजुतीला बिने यांनी कडाडून विरोध केला होता. त्यांच्यासाठी चाचणी म्हणजे मदत कुठून सुरू करायची ते दाखवणारी खूण होती. आज ती प्रगतिपुस्तकासारखी हातात ठेवली जाते, आणि आई घरी येऊन रडते.

तर आता काय करायचं? सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ऐकायला साधं वाटतं, पण चष्म्याचा नंबर असलेली, कानात मळ किंवा पाणी साठलेली मुलं ‘मंद’ म्हणून मागच्या बाकावर बसलेली मी पाहिली आहेत. शाळेत आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीचं सरकारी पथक येतं, त्यांना सांगा. नाहीतर ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्या. मग वाचन, लेखन आणि गणित यांची स्वतंत्र तपासणी करून घ्या, मराठीतून. ती करणारी व्यक्ती भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी झालेली चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का, हे विचारायला संकोचू नका. १९९२ च्या कायद्याने ही परिषद झाली आहे, नोंदणी क्रमांक मागणं हा तुमचा हक्क आहे. ओरोसला सोय झाली तर उत्तम, नाहीतर गोव्यात बांबोळीचं किंवा मुंबईतली मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. जाताना बाबूच्या वह्या न्या. सध्याच्या, आणि दुसरी-तिसरीच्या जपून ठेवल्या असतील तर त्याही. कुठली अक्षरं गळतात, जोडाक्षरांचं काय होतं, हे वह्यांतून जेवढं कळतं तेवढं कुठल्याही आकड्यातून कळत नाही.

इथे एक अडथळा येऊ शकतो, तो आधीच सांगून ठेवते. अध्ययन अक्षमतेच्या चाचण्या करण्याआधी बुद्ध्यांक ८५ च्या वर आहे का ते पाहण्याची पद्धत आहे. बाबूचा ८४ आहे. कुणी एका गुणावरून तुम्हाला परत पाठवायला लागलं, तर ७२ आणि ९६ दाखवा आणि ‘दोन्ही भागांतल्या फरकाचं काय?’ असं शांतपणे विचारा. चाचणीची नेहमीची चूकच पाच-सहा गुणांची असताना एका गुणावर मुलाची वाट अडवणं मला मान्य नाही. बुद्धी परत तपासायचीच झाली, तर भाषा न लागणारी, नुसत्या आकृत्यांची रेव्हनची चाचणी घेता येते. तिचं रंगीत रूप लहान मुलांसाठीच आहे. पण कोल्हापूरची तीच चाचणी मुंबईत दोन महिन्यांनी पुन्हा नको. तेच ठोकळे आणि तीच चित्रं मुलाच्या लक्षात राहतात, गुण वाढतात आणि काहीच सिद्ध होत नाही. निदान वर्षभर जाऊ द्यावं.

अध्ययन अक्षमता निघालीच, तर ते आभाळ कोसळणं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शिकवण्याची पद्धत बदलता येते. ध्वनी सुटे करून, अक्षरं हाताने गिरवून, थोडं थोडं पण रोज. बाबूचं वय यासाठी अगदी योग्य आहे.

ठशांच्या अहवालावर मी जास्त शब्द घालवणार नाही, पण स्पष्ट बोलते. तो कोर्स लावू नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात, चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत तयार होतात आणि मग जन्मभर तशाच राहतात. मेंदू मात्र शिकण्याने, खेळण्याने, आजारपणाने, मायेने सतत बदलत असतो. रेषांवरून गणित येईल की नाही हे सांगता येतं, याला शास्त्रीय आधार नाही, आणि आपल्या देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तसं सांगितलं आहे. विकणारे लोक हॉवर्ड गार्डनर यांच्या १९८३ च्या बहुविध बुद्धिमत्तेच्या सिद्धांताचं नाव पुढे करतात. त्या सिद्धांताचा बोटांच्या ठशांशी काही संबंध नाही. काही गुणसूत्रीय आजारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या असतात हे खरं आहे, डॉक्टर ते पाहतात. तिथून उसनं आणलेलं हे दुकान आहे. गावातल्या आयांची काळजी पैशांत मोजणाऱ्या या लोकांचा मला मनापासून राग येतो. ‘गणित-विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये’ हे नऊ वर्षांच्या मुलाबद्दल लिहायचा अधिकार यांना कुणी दिला?

आणि गणिताबद्दल बोलायचंच तर, ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात नारळ-बिरळ विकणाऱ्या पाच मुलांचा एक अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक बनून विचारलेले हिशेब त्यांनी ९८ टक्के बरोबर केले. तीच आकडेमोड नुसती कागदावर दिली तेव्हा ३७ टक्केच बरोबर आली. मुलं फार थोडी होती, पण शिक्षकांना या अभ्यासाने बरंच शिकवलं. बाबूच्या गुरुजींना सांगा, त्याला भागाकार पेट्या आणि डझनांत घालून बघा.

‘अंतर्मुख, असुरक्षित’ बद्दल. घर, झाड, माणूस काढायला लावून मुलाशी बोलायला सुरुवात करणं चांगलंच आहे, मीही करते. पण माणूस कागदाच्या कोपऱ्यात काढला म्हणून मूल असुरक्षित, असे निष्कर्ष चाचणी म्हणून भरवशाचे नाहीत. काही मुलं अनोळखी ठिकाणी हळूहळू रुळतात. न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून वर्षानुवर्षं मुलांचा अभ्यास केलेल्या डॉक्टर दांपत्याला अशी सुमारे १५ टक्के मुलं आढळली. हा स्वभाव आहे, आजार नव्हे. नऊव्या वर्षी व्यक्तिमत्त्व पक्कं झालेलं नसतं, त्यामुळे हे शब्द शाळेच्या कागदावर जाऊ देऊ नका. एक मात्र बघा. वाचताना रोज हसं होणाऱ्या आणि वडील महिनोन्महिने लांब असलेल्या मुलाचं मन कधी खट्टू असेल, तर ते जाणून घ्यायला चित्राची गरज नाही. झोप, जेवण, खेळ बिघडलेत का, शाळेत जायच्या वेळी पोटात दुखतं का, याकडे लक्ष ठेवा. तसं दिसलं तर थांबू नका. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या, क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

नवोदयबद्दल मिस्टरांना हे सांगा. त्या परीक्षेतल्या ८० प्रश्नांपैकी ४० मानसिक क्षमतेचे, म्हणजे आकृत्यांचे असतात, आणि बाबूची ती बाजू चांगली आहे. अडचण येईल ती उतारे आणि शाब्दिक गणितं दोन तासांत वाचून संपवण्याची. म्हणून वाचनाचं आधी पाहायचं. आणखी एक गोष्ट पुष्कळ घरांत गोंधळ करते. नवोदय किंवा शिष्यवृत्तीच्या पेपरातला ‘बुद्धिमत्ता’ हा भाग सरावाचा असतो, तो सोडवून आलेले गुण म्हणजे बुद्ध्यांक नव्हे. सराव जरूर करा. पण बाबू बसला नाही किंवा सांगेलीच्या नवोदय विद्यालयात निवड झाली नाही, तर त्याचा या अहवालाशी काही संबंध जोडू नका. आणि मिस्टरांनी रोज रात्री फोनवर दहा मिनिटं बाबूला गोष्ट वाचून दाखवावी, त्याच्याकडून वाचून घेऊ नये. ऐकलेले शब्दच पुढे वाचताना ओळखीचे होतात.

शेवटचं काम याच आठवड्यातलं. कोल्हापूरच्या त्या केंद्राला फोन करा आणि समजावून सांगण्यासाठी वेळ मागा. तो तुमचा हक्क आहे आणि फोनवरही चालेल, परत घाट चढायला नको. विचारा की चाचणी कोणती होती आणि कुठल्या भाषेत घेतली. मालवणीतली उत्तरं धरली का? प्रत्येक उपभागातले गुण वेगवेगळे लेखी द्या म्हणावं. वाचिक आणि कृती यांत २४ चा फरक का आला, याबद्दल तुमचं मत काय? प्रवासाची आणि उलटीची नोंद अहवालात जोडाल का? उत्तरं एका वहीत तारीख घालून लिहून ठेवा, आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही अहवालाला टाचून न्या. तिकडून काय कळलं ते मला पुन्हा लिहा, मी वाट पाहते.